शेतातून लोरावर फोटो पाठवतोय, दहातलं एक पॅकेट गळतं आणि फोटोची वाट लागते

डाळिंबकर
मंडळी, मोहोळ तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे. बागेत मोबाइलला रेंज नाही. बांधावर चढून फोन डोक्यावर धरला तर एखादी काडी येते आणि जाते. वस्तीवर मात्र इंटरनेट आहे. बाग ते वस्ती सरळ रेषेत ३ किमी. वडील वस्तीवर असतात, मी सोलापुरात. बहार धरल्यापासून मला रोज सकाळी दोन फोटो हवेत. एक पिवळ्या चिकट सापळ्याचा, म्हणजे फुलकिडे किती वाढलेत ते इथून कळेल. दुसरा शेततळ्यातल्या पातळीच्या पट्टीचा.

साहित्य असं: ईएसपी३२-कॅम हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड, त्यावर ओव्ही२६४० कॅमेरा, दोन्ही टोकांना एसएक्स१२७६ चिपचं लोरा मॉड्यूल (कमी वेगाचा पण लांब पल्ल्याचा रेडिओ), ८६५ मेगाहर्ट्झ, एसएफ७ (पल्ला आणि वेग ठरवणारं सेटिंग). कॅमेऱ्यातून ३२०×२४० चा जेपेग निघतो, साधारण ८ केबी. त्याचे २०० बाइटचे तुकडे केले की ४१ पॅकेट होतात. दहातलं एखादं गळतं. बरं, गळालं तर गळालं, पण फोटो वरून चार बोटं नीट असतो आणि खाली सगळा करडा, नाहीतर होळी खेळल्यासारखा. ९० टक्के माल पोचला तर ९० टक्के फोटो दिसायला नको का?

बाळीवेस_बॉय
९० टक्के येतंय तरी रडालाय काय बे. आमच्या नळाला बघ एकदा येऊन.

सात_रस्ता
@डाळिंबकर, दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला साधा गणिताचा. प्रत्येक पॅकेट पोचण्याची शक्यता ०.९ धरली आणि ४१ च्या ४१ पोचायला हवेत म्हटलं, तर ०.९ चा ४१ वा घात घ्या: ०.०१३. म्हणजे शंभरातला एखादा फोटो पूर्ण येणार. तुमचं नशीब खराब नाही, हिशोबच तसा आहे.

दुसरा प्रश्न जेपेगचा. हे मानक १९९२ चं, साधारणपणे फाइल अख्खी मिळेल यावर बेतलेलं. चित्राचे ८×८ चे ठोकळे, प्रत्येकाचं डीसीटी (ठोकळ्याची ढोबळ ते बारीक लहरींत फोड), मग क्वांटायझेशन (आकडे ढोबळ करणं), मग हफमन कोड (नेहमीच्या चिन्हाला कमी बिट, क्वचितच्याला जास्त). गोची हफमनमध्ये आहे. प्रत्येक चिन्हाची लांबी वेगळी, त्यामुळे मधले काही बिट गायब झाले की पुढचं चिन्ह कुठे सुरू होतं हेच डीकोडरला कळत नाही. तो कुठूनतरी वाचत सुटतो. शिवाय प्रत्येक ठोकळ्याचा सरासरी उजेड आधीच्या ठोकळ्यापासूनचा फरक म्हणून लिहिलेला असतो. एक फरक हुकला की तिथून खालचं सगळं चित्र तेवढ्याने फिकट किंवा गडद. तुमची होळी ती हीच.

यावर जेपेगमध्येच एक उतारा आहे, रीस्टार्ट मार्कर. ठरावीक ठोकळ्यांनंतर एक खूण टाकायची. तिथे फरकाचा हिशोब शून्यापासून सुरू होतो आणि डीकोडरला पुन्हा ताल सापडतो. पण या खुणा आठच, ० ते ७, फिरून फिरून त्याच. सलग आठ तुकडे गेले तर एक अख्खं आवर्तन गेलं हे डीकोडरला समजायचा मार्ग नाही, आणि चित्र सरकतं.

रेडिओवाले_काका
कोडिंगचं नंतर बघू. अँटेना किती उंचीवर आहे? मध्ये काय आहे? माळ आहे की ऊस?

डाळिंबकर
काका, बागेत ४ मीटरचा पाइप, वस्तीवर पत्र्याच्या शेडवर. मध्ये दुसऱ्यांचा ऊस आहे. लावलं तेव्हा बरं चालायचं. ऊस वाढला तशी गळती वाढली, असं आता तुम्ही विचारल्यावर लक्षात येतंय.

रेडिओवाले_काका
मग अर्धं उत्तर मिळालं. पलीकडचा पाइप डोळ्याला दिसतो म्हणजे रेडिओला वाट मोकळी आहे असं नसतं. दोन अँटेनांच्या मध्ये लांबट फुगीर पट्टा मोकळा लागतो, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ८६५ मेगाहर्ट्झला ३ किमीवर बरोबर मध्यभागी त्याची त्रिज्या १६ मीटरच्या आसपास येते. निदान ६० टक्के मोकळा हवा, म्हणजे मधोमध उसाच्या शेंड्यांपासून वर दहाएक मीटर. तुमचा पाइप ४ मीटर, ऊस ३ मीटर. सिग्नल उसातून घासत चाललाय. वस्तीवर पाण्याची टाकी असेल तर गेटवे, म्हणजे पॅकेट घेणारं तिकडचं टोक, तिच्यावर चढवा. बागेतला पाइप ९ मीटरपर्यंत न्या, तीन बाजूंनी ताण द्या, वाऱ्याने हलता कामा नये. वायर लांबवू नका, रेडिओच वर न्या. या फ्रिक्वेन्सीला स्वस्त कोअॅक्समध्ये बरंच जिरतं.

आणि बोर्ड मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीशेजारी असेल तर हलवा. स्टार्टर खटकला की बोर्ड रीसेट होतो आणि लोक रेडिओला शिव्या घालतात.

कोथरूडकर
एवढा खटाटोप कशाला? जेपेगऐवजी वेबपी किंवा एव्हीआयएफ हे नवे फोटो-प्रकार वापरा. त्याच दर्जाला फाइल बरीच लहान होते. पॅकेट कमी, गळती कमी.

विजापूर_रोड
@कोथरूडकर, पॅकेट कमी होतील हे खरं, पण २० पॅकेट धरली तरी ०.९ चा २० वा घात ०.१२ येतो. म्हणजे आठातला एक फोटो धड. आणि बाकीचे सात? वेबपीचा लॉसी प्रकार व्हीपी८ व्हिडिओ कोडेकमधून आलाय. त्यात ठोकळ्याचा अंदाज शेजारच्या ठोकळ्यांवरून बांधतात आणि वर अंकगणिती कोडिंग, म्हणजे सगळी चिन्हं मिळून एकच लांब आकडा. मध्ये एक भोक पडलं की पुढचं जवळपास सगळं निरुपयोगी. जेपेगमध्ये निदान वरची चार बोटं नीट होती!

याच धाग्यात सगळ्यांनी पक्कं धरावं असं मला वाटतं ते हे: फाइल जितकी पिळून काढाल तितका प्रत्येक बिट आधीच्या बिटांवर अवलंबून राहतो. पुनरुक्ती काढणं म्हणजेच दाबणं, आणि तुटलेलं सांधायला उपयोगी पडते तीही पुनरुक्तीच. म्हणून खराब वाटेवर शेवटचा बाइट वाचवण्यात हशील नाही. ठरलेल्या बाइटांपैकी किती चित्राला द्यायचे आणि किती संरक्षणाला, एवढाच सौदा असतो.

माहिती सिद्धांताचा पाया घालणाऱ्या शॅननच्या १९४८ च्या सिद्धांतातून असं निघतं की दाबणं आणि संरक्षण ही दोन कामं वेगवेगळी करून मग जोडली तरी काही बिघडत नाही. पण ते अमर्याद लांबीच्या ब्लॉकला आणि हवा तेवढा उशीर चालत असेल तर. ४१ पॅकेट आणि बॅटरीवरचा ईएसपी३२ यांना ते लागू नाही. इथे दोन्हीचा विचार एकत्रच करावा लागतो.

डाळिंबकर
ताई, मग मी रीड-सोलोमन टाकू का? लायब्ररी मिळालीय. प्रत्येक पॅकेटमध्ये ३२ बाइट जादा घातले की १६ चुकलेले बाइट दुरुस्त होतात म्हणे.

विजापूर_रोड
होतात, पण तुमच्याकडे चुकलेले बाइट येतातच कुठे? लोराच्या पॅकेटला सीआरसी असतो, म्हणजे पॅकेट बरोबर आलं का ते तपासणारा आकडा. तपासणी नापास झाली की बहुतेक लायब्रऱ्या पॅकेट वरच्या वर टाकून देतात. तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत येतं ते पूर्ण बरोबर पॅकेट, नाहीतर काहीच नाही. याला इरेजर चॅनल म्हणतात: चूक नाही, गैरहजेरी. पॅकेटच्या आत घातलेले ३२ बाइट पॅकेटबरोबरच जाणार.

संरक्षण पॅकेटांच्या आडव्या दिशेने हवं. ४१ पॅकेट एकाखाली एक मांडा, प्रत्येक स्तंभावर रीड-सोलोमन चालवा आणि १२ जादा पॅकेट तयार करा. एकूण ५३. आता यांतली कुठलीही ४१ आली की फोटो पूर्ण. कुठलं गेलं हे क्रमांकावरून कळतं, त्यामुळे चुका शोधायला लागली असती त्याच्या निम्मीच पुनरुक्ती पुरते. १० टक्के गळतीला सरासरी पाचसहा जातील, बारापेक्षा जास्त जाण्याची वेळ शेकड्यात एकदाही येऊ नये. अर्थात गळती सुटीसुटी असेल तर. उसातून वारा गेला आणि सलग वीस गेली तर हे गणित बसणार नाही.

सात_रस्ता
पण ताई, इथे परतीची वाट आहे की! वस्तीवरचा गेटवे उलट बोलू शकतो. मग आधीच १२ जादा कशाला पाठवायची? ४१ पाठवा, गेटवे ४१ बिटांचा नकाशा परत पाठवेल, सहा बाइटांत बसतो: हे आलं, हे नाही. तेवढीच पुन्हा पाठवायची. पहिल्या फेरीत चार उरतील, दुसरीनंतर बहुतेक शून्य.

विजापूर_रोड
अगदी. एक पाठवणारा, एक ऐकणारा आणि परतीची वाट असेल तर हेच उत्तम. शॅननचाच १९५६ चा निकाल आहे की स्मृतिहीन चॅनलची (म्हणजे जिथे मागच्या बिघाडाचा पुढच्यावर परिणाम नसतो) क्षमता परतीच्या वाटेने वाढत नाही. मात्र काम फार सोपं होतं. जादा पॅकेटांचा खरा उपयोग ऐकणारे अनेक असताना, किंवा उलट बोलताच येत नसताना. फाउंटन कोड निघाले ते त्यासाठीच: लुबीचे एलटी कोड २००२ साली आले, मग शोक्रोल्लाहींचे रॅप्टर. हवी तितकी पॅकेट तयार करत राहायची, ऐकणाऱ्याने पुरेशी गोळा केली की झालं. एका बागेला ते जड होईल.

रेडिओवाले_काका
आता मी एक तयार वस्तू सांगतो. एसएसडीव्ही. फिलिप हेरन यांनी लिहिलेलं, उंच जाणाऱ्या फुग्यांवरून फोटो उतरवायला. फुग्याला परतीची वाट सहसा नसते, पॅकेट गळणार हे गृहीतच. त्यांनी जेपेग टाकून दिला नाही, त्याची पॅकेटबंद मांडणी बदलली. प्रत्येक २५६ बाइटच्या पॅकेटात चित्राचा क्रमांक, पॅकेटचा क्रमांक, चित्राची लांबीरुंदी आणि या पॅकेटातला पहिला ठोकळा कुठला, हे लिहिलेलं असतं. उजेडाच्या फरकाचा हिशोबही पॅकेटागणिक नव्याने सुरू होतो. म्हणून कुठलंही पॅकेट स्वतःच्या पायावर उभं राहतं. एक गेलं तर तेवढी पट्टी जाते, बाकी चित्र जागच्या जागी.

त्यात आतलं रीड-सोलोमन आहे, पण ते बंद करायचीही सोय आहे. वर ताईंनी सांगितलं त्या कारणाने तुम्ही बंदच ठेवा. मग चित्राला पॅकेटमागे २०५ च्या जागी २३७ बाइट मिळतात. तुमचा ८ केबीचा फोटो पस्तीसेक पॅकेटांत. लोराची मर्यादा २५५ बाइट आणि हे २५६, तर सुरुवातीचा ठरलेला सिंक बाइट पाठवायचा नाही, पलीकडे पुन्हा चिकटवायचा. लांबीरुंदी मात्र १६ च्या पटीत हवी. ३२०×२४० बसतं.

बाळीवेस_बॉय
काका तुम्ही ते अंतराळ स्थानकाचे फोटो पण रेडिओवर पकडता ना? चिर्र चिर्र आवाजातून फोटो निघतोय ते?

रेडिओवाले_काका
ते एसएसटीव्ही. १४५.८०० मेगाहर्ट्झ, बहुतेक वेळा पीडी१२० पद्धत, एका चित्राला दोन मिनिटं. ते डिजिटल नाहीच. उजेड म्हणजे आवाजाची पट्टी, बस. सिग्नल पडला की चित्रात खरखर दिसते, पण चित्र जात नाही. जुन्या दूरदर्शनवर मुंग्या यायच्या तरी मॅच बघता यायची, आठवतंय? आता पावसात डिशचं चित्र एकदम थिजतं. ९९ टक्के चांगलं आणि मग पायाखाली कडाच नाही.

विजापूर_रोड
त्या कड्यालाच संशोधनात क्लिफ इफेक्ट म्हणतात. तो टाळायला लोक मधली वाट शोधतायत. एमआयटीचं सॉफ्टकास्ट होतं: डीसीटीचे आकडे बिटांत न बदलता थेट सिग्नलच्या उंचीवर बसवायचे, जितका गोंगाट तितकाच बिघाड. २०१९ पासून न्यूरल नेटवर्कने हेच करणारे डीपजेएससीसी म्हणून पेपर येतायत. पण लोराच्या चिपला बाइट दिले की ती तिच्याच पद्धतीने पाठवणार. तिथे हात घालता येत नाही. आपल्यासाठी वाचायला छान, एवढंच.

डिजिटलमध्ये राहूनही कडा बोथट करता येतो. सगळे बिट सारख्या मोलाचे नसतात. शापिरोचं ईझेडडब्ल्यू १९९३ चं, सईद-पर्लमन यांचं स्पिट १९९६ चं, आणि पुढे जेपेग २०००. या सगळ्यांत वेव्हलेटने चित्र असं लिहितात की आधी ढोबळ रूप, मग बारकावे. प्रवाह कुठेही तोडला तरी तिथपर्यंतचं चित्र मिळतं. मग पहिल्या बाइटांना जास्त संरक्षण आणि शेवटच्यांना कमी, असं असमान वाटप करता येतं. मंगळावर जानेवारी २००४ मध्ये उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीवर आयसर नावाचा असाच कोडर होता. त्यात वर चित्राचे वेगळे विभागही पाडलेले, म्हणजे एका विभागाचा डेटा गेला तरी शेजारचा शाबूत.

सात_रस्ता
ईएसपी३२ वर जेपेग २००० नका बसवायला जाऊ. कॅमेऱ्याची चिप जेपेग फुकट बनवून देते, ते सोडून बॅटरी जाळण्यात अर्थ नाही.

भुसार_गल्ली
मध्येच नाक खुपसतो. आमचीही सात एकर बाग आहे. तुम्ही पॅकेटचं एवढं बोललात, पण ३२०×२४० च्या फोटोत फुलकिडा दिसणार आहे का? तो जेमतेम मिलिमीटरचा.

सात_रस्ता
हा प्रश्न पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारायला हवा होता. १५ सेमी रुंदीचा सापळा २४० पिक्सेलात बसवला तर मिलिमीटरला दीड पिक्सेल. फुलकिडा म्हणजे एकदोन ठिपके. आणि जेपेगचं क्वांटायझेशन आधी बारीक ठिपकेच खातं, कारण डोळ्याला ते कमी जाणवतात हे गृहीत आहे. म्हणजे सगळी पॅकेट पोचली तरी मोजायची गोष्ट बागेतच राहणार.

तेव्हा फोटो १६००×१२०० चा घ्या, कॅमेरा जवळ आणा. सापळ्याची १५ सेमी १६०० पिक्सेलात आली की मिलिमीटरला दहा पिक्सेल. मग अख्खा फोटो पाठवू नका. ३२०×३२० चा एक चौकोन कापा, म्हणजे तीन सेमीचा तुकडा. काही सापळ्यांवर चौकटी छापलेल्या असतात, त्यातली एक घ्या आणि रोज तीच. क्वालिटी चढी ठेवा. कीड काळी, पाठ पिवळी. रंग लागतच नाही, उजेडाचा थर पुरतो. बाइट वाचवायचे तर पानं, आभाळ, सापळ्याची दोरी यांतून वाचवा.

एक अडचण: ओव्ही२६४० कडून जेपेग घेतला की कापायला तो आधी उलगडावा लागतो. बोर्डावर पीएसरॅम (जादा मेमरी) आहे ना? त्यात होईल. वेळ लागेल, पण दिवसातून एकदाच आहे. आणि भिंग फिरवून फोकस जवळचा करून घ्या, हे कॅमेरे लांबच्यासाठी लावलेले येतात.

भुसार_गल्ली
आणि शेततळ्याचा फोटो का? पातळीच हवी ना?

डाळिंबकर
हो, फक्त पातळी.

भुसार_गल्ली
मग अल्ट्रासॉनिक सेन्सर काठाला आडवा बांधून पाण्याकडे तोंड करून लावा. दोन बाइटांत पातळी. वाटल्यास तोच आकडा पाच वेळा पाठवा.

बाळीवेस_बॉय
८ केबीचे २ बाइट. हे खरं कॉम्प्रेशन बे.

कोथरूडकर
एसएफ वाढवून बघितलं का? एसएफ१२ ला पल्ला वाढतो, गळतीच राहणार नाही.

रेडिओवाले_काका
पल्ला वाढतो, वेग मरतो. १२५ किलोहर्ट्झला एसएफ७ वर साडेपाच हजार बिट प्रतिसेकंद, एसएफ१२ वर तीनशेसुद्धा नाहीत. भरलेलं पॅकेट एसएफ७ ला ०.४ सेकंदात जातं, एसएफ१२ ला नऊएक सेकंद. पस्तीस पॅकेटांना पाच मिनिटं प्रक्षेपण चालू, बॅटरी रिकामी. एसएफ७ वर निभत नसेल तर एसएफ८, फार तर ९. बँडविड्थ वाढवायचा मोहही नको. ८६५ ते ८६८ हा परवानामुक्त पट्टा आहे, पण तिथे वाहकाची रुंदी २०० किलोहर्ट्झच्या आत हवी. २५० आणि ५०० च्या सेटिंगला हात लावू नका.

डाळिंबकर
मंडळी, रविवारी वस्तीवर जाऊन आलो. गेटवे टाकीवर चढवला, बागेतला पाइप अजून तेवढाच आहे, लोहाराला सांगितलंय. नुसत्या टाकीनेच गळती बरीच उतरली. एसएसडीव्ही चालू झालं, आतलं रीड-सोलोमन बंद. एक पॅकेट गेलं तर आता एक छोटी करडी पट्टी दिसते, खालचं चित्र जागेवर. कापलेल्या चौकोनात किडे मोजता येतात, वडिलांनी फोनवर बघून सांगितलं की यातले दोन फुलकिडे नाहीत, मावा आहे.

आता नकाशा परत पाठवायचा भाग लिहितोय. त्यात एक अडकलंय: गेटवेने पाठवलेला नकाशाच गळाला तर?

विजापूर_रोड
कॅमेऱ्याने शेवटचं पॅकेट पाठवल्यावर दोन सेकंद ऐकायचं. काही आलं नाही तर शेवटचंच पॅकेट पुन्हा पाठवायचं आणि पुन्हा ऐकायचं. गेटवेला ते दुसऱ्यांदा दिसलं की त्याला कळतं आपला नकाशा पोचला नाही, तो परत पाठवेल. असं चारपाच वेळा, मग कॅमेऱ्याने झोपायचं. अपुरा फोटोही एसएसडीव्हीमुळे बघता येतोच. 'सगळं आलं' हाही नकाशाच धरा, सगळे बिट भरलेला. त्यासाठी वेगळा संदेश केलात की तोही गळतो आणि दोन्ही टोकं एकमेकांची वाट बघत बसतात.

आणि पॅकेट १, २, ३ अशा ओळीने पाठवू नका. १, ८, १५, २२ अशी सात-सातच्या उडीने पाठवा, मग २, ९, १६. सलग चार गेली तरी चित्रातली भोकं विखुरलेली राहतील. नाहीतर नेमकी तुमच्या चौकटीच्या मधोमध एक जाड पट्टी जायची आणि त्या दिवशीची मोजणी गेली.

डाळिंबकर
उडीचं आजच टाकतो. काका, पाइपला ताण द्यायला जीआय तार चालेल की नायलॉनची दोरी?

रेडिओवाले_काका
खाली तार चालेल. वरचे दोन मीटर नायलॉन घ्या, अँटेनाजवळ धातू नको. दोरी उन्हाने वर्षभरात कुजते, तेवढी बदलत राहा.